रणगाडे घेऊन ही गाडी कुठे चालली?

दौंड किंवा मनमाडसारख्या जंक्शनवर गाडीची वाट पाहणाऱ्या प्रवाशांना कधी तरी एक वेगळीच मालगाडी दिसते. उघड्या, सपाट वाघिणी, त्यांच्यावर साखळदंडांनी जखडलेले रणगाडे आणि ताडपत्रीखालचे ट्रक, मध्येच एक प्रवासी डबा आणि त्याच्या दारात बसलेले जवान. लहान मुले हात हलवतात, मोठ्यांपैकी कोणी तरी हमखास विचारते, "कुठे चालली असेल हो ही गाडी?" उत्तर अर्थातच कोणाला ठाऊक नसते. गाडी निघून जाते आणि लोक पुन्हा आपापल्या सामानाकडे वळतात.

युरोपात, विशेषतः जर्मनी, ऑस्ट्रिया आणि ब्रिटनमध्ये, हीच गाडी घरातल्या टेबलावर हुबेहूब उभी करणारे हजारो छंदिष्ट आहेत. 'हुबेहूब' या शब्दावर त्यांचा फार जोर असतो. रणगाड्याचा रंग, वाघिणीवरचा क्रमांक, साखळीची जाडी यांवरून त्यांच्यात तासन्‌तास वाद झडतात. वरवर पाहता हा रिकामपणचा उद्योग वाटेल. छोट्या रुळांवर छोटे रणगाडे पळवण्यात कसले आले गांभीर्य, आणि मुळात मुलांच्या हाती लढाईची खेळणी द्यावीतच कशाला, असेही कोणी विचारील. माझे मत थोडे वेगळे आहे. लष्करी गाडीची प्रामाणिक प्रतिकृती युद्धाविषयी जे शिकवते ते पडद्यावरच्या धडाकेबाज लढाया शिकवत नाहीत. मात्र एक अट आहे. फलाटावरच्या त्या प्रश्नाचे उत्तर छंदिष्टाने टाळता कामा नये. आपल्या टेबलावरची गाडी कुठे चालली आहे, हे त्याला सांगता आले पाहिजे.

छोट्या आगगाड्यांचा छंद आपल्याकडे अगदीच अनोळखी नाही. पुण्यात कोथरूडला १९९८ मध्ये सुरू झालेले जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय पाहून आलेली मुले आठवडाभर दुसरे काही बोलत नाहीत, हा अनेक घरांतला अनुभव आहे. युरोपात या छंदाला शंभराहून अधिक वर्षांची परंपरा आहे. जर्मनीतील ग्योपिंगेन गावच्या मेर्क्लिन कंपनीने १८९१ मध्ये खेळण्यातल्या रुळांची मापे ठरवून दिली आणि तेव्हापासून खेळण्यातली गाडी हळूहळू प्रतिकृती होत गेली. आज सर्वाधिक प्रचलित असलेले माप म्हणजे 'एच-शून्य'. त्यात खरी वस्तू ८७ पटींनी लहान केलेली असते आणि दोन रुळांत साडेसोळा मिलिमीटरचे अंतर असते.

या मापाच्या रुळांवर रणगाडा आणला तो रोको या ऑस्ट्रियन कंपनीने. १९६० मध्ये साल्झबर्ग येथे सुरू झालेल्या या कंपनीचे पहिले नाव झाले ते 'मिनीटँक्स' या प्लॅस्टिकच्या इवल्याशा लष्करी गाड्यांमुळे. आगगाड्या तिने नंतर काढल्या. हा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. ते शीतयुद्धाचे दिवस होते. पश्चिम जर्मनीत अमेरिकन, ब्रिटिश आणि जर्मन सैन्याचे तळ होते, पूर्व जर्मनीत सोव्हिएत सैन्य होते. १९६९ पासून १९९३ पर्यंत 'रिफॉर्जर' नावाच्या मोठ्या कवायती होत आणि त्यांसाठी रणगाडे भरलेल्या गाड्या खेड्यापाड्यांतून जात. जर्मन मुलाला घरामागच्या रुळावर जे दिसे तेच तो टेबलावर मांडत होता. त्याच्या दृष्टीने ती कल्पना नव्हती, रोजचे जग होते.

आता हुबेहूब म्हणजे काय, ते पाहू. पहिली पायरी मापाची. दुकानात मिळणारे रणगाडे सगळेच एका मापाचे नसतात. जोडून तयार करायचे प्लॅस्टिकचे रणगाडे बहुधा ३५ पटींनी, ७२ पटींनी किंवा ७६ पटींनी लहान केलेले असतात. १९६० च्या दशकात ब्रिटिश मुलांनी एअरफिक्स कंपनीचे जे रणगाडे जोडले ते ७६ च्या मापाचे, कारण ब्रिटिश छोट्या आगगाड्याही त्याच मापाच्या. गंमत अशी की ब्रिटिश आणि जर्मन छोट्या गाड्या एकाच रुळांवर धावतात, पण त्यांची मापे वेगळी. आता जर्मन लेपर्ड-२ या रणगाड्याची रुंदी सुमारे पावणेचार मीटर आहे. ८७ च्या मापात ती ४३ मिलिमीटर होते, ७२ च्या मापात ५२ मिलिमीटर. नऊ मिलिमीटरचा हा फरक ऐकायला क्षुल्लक वाटतो. पण ७२ चा रणगाडा ८७ च्या वाघिणीवर चढवला की तो हत्ती हातगाडीवर बसवल्यासारखा दिसतो आणि पहिल्याच वळणाशी सिग्नलच्या खांबाला धडकतो.

दुसरी पायरी काळाची. पश्चिम जर्मन रेल्वेने वाफेची इंजिने ऑक्टोबर १९७७ मध्ये कायमची थांबवली. लेपर्ड-२ सैन्यात दाखल झाला १९७९ मध्ये. म्हणजे धूर सोडणाऱ्या काळ्या इंजिनामागे लेपर्ड-२ ची गाडी कितीही देखणी दिसली तरी ती कधी धावलीच नाही. त्याचा थोरला भाऊ लेपर्ड-१ मात्र १९६५ पासून सैन्यात होता, म्हणून त्याला वाफेचे इंजिन चालते. अशा दोन वर्षांच्या फटीत छंदिष्टाचा अभ्यास उघडा पडतो. युरोपातील हौशी लोकांनी रेल्वेच्या इतिहासाचे कालखंडच पाडून ठेवले आहेत आणि इंजिन, डबे, वाघिणी, मोटारी, स्टेशनावरच्या जाहिराती हे सारे एकाच कालखंडातले असावे असा त्यांचा आग्रह असतो. आपल्या ऐतिहासिक मालिकांच्या निर्मात्यांनी त्यांच्याकडे चार दिवस उमेदवारी करायला हरकत नाही.

तिसरी पायरी सर्वांत महत्त्वाची आणि तिथेच हा छंद खेळण्याच्या पलीकडे जातो. रेल्वेवरून काय नेता येते याला एक अदृश्य चौकट असते. बोगदे, पूल, फलाटांच्या कडा, शेजारच्या रुळावरून येणारी गाडी या सगळ्यांतून सुखरूप निघायचे तर माल त्या चौकटीत बसला पाहिजे. युरोपच्या मुख्य भूमीवर ही चौकट साधारण ३ मीटर १५ सेंटिमीटर रुंद. बाहेर डोकावणाऱ्या मालाला आपल्याकडे 'ओडीसी' म्हणतात आणि त्याच्यासाठी खास परवानगी, कमी वेग आणि ठरवून दिलेला मार्ग लागतो. लेपर्ड-२ हा असा चौकटीबाहेरचा पाहुणा आहे.

दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन टायगर रणगाड्याची कथा तर याहून बोलकी आहे. ५७ टनांचे हे धूड लढाईत ७२५ मिलिमीटर रुंदीच्या लोखंडी पट्ट्यांवर चाले, कारण अरुंद पट्ट्यांवर ते चिखलात रुतले असते. पण त्या पट्ट्यांनिशी ते रेल्वेच्या चौकटीत बसेना. मग काय करायचे? गाडीत चढवण्यापूर्वी दोन्ही बाजूंचे पट्टे सोडवायचे, बाहेरच्या रांगेतली चाके काढायची आणि ५२० मिलिमीटरचे खास प्रवासाचे पट्टे चढवायचे. मुक्कामी पोहोचल्यावर हा सारा उद्योग उलट्या क्रमाने. टनावारी लोखंडाची ही उठाठेव पावसात, अंधारात, विमानहल्ल्याच्या धास्तीत चाले. टायगरला वाहायला सहा आसांच्या खास वाघिणी लागत आणि पुलावर एकदम भार येऊ नये म्हणून अशा दोन वाघिणींच्या मध्ये हलक्या वाघिणी जोडाव्या लागत. म्हणून खऱ्या टायगर गाडीत सगळे टायगर एकामागोमाग एक दिमाखात उभे नसतात. दुकानातल्या खोक्यावरच्या चित्रात मात्र असतात, रुंद पट्ट्यांसकट आणि तोफा रोखून.

ब्रिटनची गोष्ट निराळी आणि थोडी करुण. रेल्वेचा जन्मच तिथला, त्यामुळे तिथले बोगदे सर्वांत जुने आणि अरुंद. रणगाडा रेल्वेने नेता आलाच पाहिजे, म्हणून त्याची रुंदी वाढवता येईना. रुंदी नाही म्हणून मोठा बुरूज बसेना, आणि बुरूज लहान म्हणून मोठी तोफ बसेना. दुसऱ्या महायुद्धातले कित्येक ब्रिटिश रणगाडे तोफेच्या बाबतीत कमी पडले, त्यामागे इतर कारणांबरोबर हेही एक कारण होते. म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या काळी कोणा इंजिनिअरने खर्च वाचवण्यासाठी बोगदा अरुंद ठेवला आणि त्याचा भुर्दंड शंभर वर्षांनी रणांगणावरच्या विशी-बाविशीतल्या पोरांना पडला. अमेरिकेतून आलेला उंच शेरमन रणगाडा वाहण्यासाठी ब्रिटिशांनी मधला भाग खाली दबलेल्या 'वॉरवेल' नावाच्या वाघिणी बांधल्या, त्याचेही कारण तीच चौकट.

हे ब्रिटिश रणगाडे पाहायला विलायतेला जावे लागत नाही. अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, चिलखती दलाच्या केंद्राने १९९४ मध्ये रणगाड्यांचे संग्रहालय उभारले आहे. चर्चिल, मॅटिल्डा, व्हॅलेंटाइन हे सारे तिथे उभे आहेत. आपण मुलांना तिथे नेतो, तोफेपाशी उभे करून फोटो काढतो आणि परततो. पुढच्या वेळी चर्चिलच्या बुरुजाकडे जरा निरखून पाहावे आणि तो एवढाच का, हे मुलांना विचारावे. उत्तराचा एक धागा रेल्वेच्या बोगद्यापर्यंत जातो, हे कळल्यावर त्यांचे डोळे कसे विस्फारतात ते बघण्यासारखे असते.

चौथी पायरी चढवणीची. रणगाडा वाघिणीवर क्रेनने क्वचितच ठेवतात. रुळाच्या टोकाशी उतरता धक्का असतो, त्यावरून पहिला रणगाडा चढतो आणि वाघिणीमागून वाघीण ओलांडत थेट पुढच्या टोकाला जातो. त्याच्यामागे दुसरा, मग तिसरा. वाघीण जेमतेम रणगाड्याएवढीच रुंद, त्यामुळे आतल्या चालकाला कडा दिसत नाहीत. समोर उभा राहून हातांच्या खुणा करणाऱ्या सोबत्यावर त्याची सारी भिस्त. मग पट्ट्यांपुढे पाचरी ठोकायच्या, साखळदंड ताणायचे, तोफेला अटकाव घालून ती हलणार नाही असे करायचे, झडपा बंद करायच्या. वरून विजेची तार गेलेली असेल तर रणगाड्यावर चढायला सक्त मनाई. जर्मनीत त्या तारेत १५ हजार व्होल्ट असतात, आपल्याकडे २५ हजार. म्हणून वायरलेसच्या लवलवत्या काड्या उतरवलेल्या किंवा बांधलेल्या असतात.

ज्याने हे समजून घेऊन टेबलावर गाडी मांडली त्याच्या गाडीत रणगाड्यांच्या झडपा उघड्या नसतात, वरून सैनिक बंदुका रोखत नाहीत, तोफा आकाशाकडे तोंड करून उभ्या नसतात. सगळे शांत, बांधलेले, झाकलेले, धुळीने माखलेले. सर्वांत खरी लष्करी गाडी ही दिसायला सर्वांत कंटाळवाणी असते. नवख्या पाहुण्याला ती आवडत नाही. पण तीच युद्धाचे खरे रूप सांगते. युद्धाचा फार मोठा भाग म्हणजे ओझी उचलणे, मोजमापे घेणे, वाट पाहणे आणि झोप मोडून पुन्हा पाचरी ठोकणे. तोफ उडण्याचा क्षण त्या मानाने फार छोटा. चित्रपट आपल्याला तेवढा क्षण दाखवतो आणि उरलेले कापून टाकतो. छोट्या रुळांवरचा छंदिष्ट नेमके ते कापलेले जोडून देतो.

या गाड्यांना आणखी एक महत्त्व आहे. युद्ध येते त्याआधी त्याची गाडी येते. रशियाने २४ फेब्रुवारी २०२२ रोजी युक्रेनवर मोठे आक्रमण केले. त्याआधीचे काही महिने रशियातल्या सामान्य नागरिकांनी आपल्या मोबाइलवर टिपलेली दृश्ये जगभर फिरत होती. फाटकाशी थांबलेल्या मोटारीतून, स्टेशनच्या पुलावरून घेतलेली. त्यांत काय होते? सपाट वाघिणींवर बांधलेले रणगाडे, गाडीमागून गाडी. राजधान्यांमध्ये मुत्सद्दी म्हणत होते की ही नेहमीची कवायत आहे. अभ्यासक वाघिणी मोजत होते आणि गाड्यांचा मार्ग शोधत होते. शब्दांपेक्षा वाघिणी अधिक खरे बोलत होत्या. आपण ज्याला छंदिष्टाचे खूळ म्हणतो, म्हणजे वाघिणीचा प्रकार ओळखणे, क्रमांक वाचणे, कोणत्या वाहनामागे कोणते वाहन आहे ते टिपणे, त्याच नजरेने पुढचे संकट आधी दिसले.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप पालकांचा. रणगाडे खेळून मुले युद्धखोर होतात, हे द्यायचेच कशाला? आक्षेप जुना आहे आणि मनापासूनचा आहे. एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकाने १९१३ मध्ये शिशाच्या सैनिकांनी घरात खेळायच्या लढाईवर 'लिटल वॉर्स' नावाचे पुस्तक लिहिले. खऱ्या युद्धापेक्षा ही छोटी लढाई किती तरी बरी, असे त्याचे म्हणणे होते. पुढच्याच वर्षी पहिले महायुद्ध पेटले. खेळण्यामुळे ते पेटले नाही हे खरे, पण खेळण्याने थांबलेही नाही. म्हणून खेळ युद्ध घडवतो किंवा टाळतो, या दोन्ही दाव्यांवर माझा विश्वास नाही. प्रश्न इतकाच की खेळताना मुलाला काय कळते. हातात नुसता रणगाडा दिला तर त्याला गोळी झाडणे कळते, तोंडाने 'धुडूम' म्हटले की झाले. तोच रणगाडा वाघिणीवर नीट बांधायला सांगितला तर तो किती जड आहे, किती रुंद आहे, तो हलवायला किती माणसे लागतात आणि ती माणसे कुठे झोपतात, काय खातात, हे प्रश्न पडतात. बंदी घालून हे प्रश्न पडत नाहीत.

दुसरा आक्षेप छंदिष्टांचा आणि तो मला अधिक गंभीर वाटतो. ते म्हणतात, आम्हाला राजकारणाशी कर्तव्य नाही, आम्ही लोखंडाचे भक्त. रंग बरोबर, पट्टे बरोबर, क्रमांक बरोबर, एवढे झाले की आमचे काम संपले. हे म्हणणे शीतयुद्धाच्या कवायतींच्या गाडीपुरते चालून जाईल. पण असंख्य टेबलांवर धावते ती दुसऱ्या महायुद्धातली जर्मन गाडी. १९४२ पासून सहा हजारांहून अधिक संख्येने बांधलेले 'बावन्न' क्रमांकाच्या वर्गाचे युद्धकालीन इंजिन, त्यामागे टायगर, पँथर आणि विमानविरोधी तोफा. स्टेशन टुमदार, खिडक्यांत फुलांच्या कुंड्या, घड्याळात सकाळचे दहा. जर्मन फौजदारी कायद्याच्या कलम ८६-अ प्रमाणे नाझी चिन्हांच्या सार्वजनिक प्रदर्शनाला बंदी आहे, शिक्षण, संशोधन, कला अशा कारणांपुरता अपवाद ठेवून. म्हणून जर्मनीत विकल्या जाणाऱ्या प्रतिकृतींच्या खोक्यांवरून स्वस्तिक गाळलेले असते. चिन्ह गेले, प्रश्न मिटला, असे अनेकांना वाटते.

प्रश्न मिटत नाही. ज्या जर्मन रेल्वेने रणगाडे पूर्वेला नेले तिनेच लाखो ज्यूंना छळछावण्यांकडे आणि मृत्यूकडे नेले. तेच रूळ, तीच स्टेशने, तेच कारकून. या रेल्वेच्या कागदपत्रांचा इतिहासकार राउल हिलबर्ग यांनी कसून अभ्यास केला. त्यातून दिसते ते असे. या गाड्यांची भाडेआकारणी तिसऱ्या वर्गाच्या प्रवासी दराने होई, किलोमीटरला ४ फेनिग. दहा वर्षांखालील मुलांना अर्धे तिकीट, चार वर्षांखालच्यांना मोफत. चारशेपेक्षा अधिक माणसे असतील तर गट सवलत. माणसांचे भाडे एकेरी, पहारेकऱ्यांचे मात्र परतीचे धरून. माणसे मरायला चालली आहेत आणि कारकून मुलांचे अर्धे तिकीट नीट हिशेबात धरतो आहे. इतके बिनचूक काम. 'हुबेहूब'पणाची याहून भयंकर कसोटी मला माहीत नाही. आपले काम अचूक केले की पुरे, गाडी कुठे जाते ते मला विचारू नका, ही वृत्ती त्या कारकुनाचीच होती. छंदिष्टाने निदान ती उचलू नये.

याचा अर्थ टेबलावर तशा गाड्या पळवाव्यात असा अजिबात नाही. काही गोष्टींची प्रतिकृती करायची नसते, तिथे गप्प उभे राहायचे असते. खुद्द जर्मन रेल्वेने ते केले आहे. बर्लिनच्या ग्रुनेवाल्ड स्टेशनवर ज्या १७ क्रमांकाच्या रुळावरून ज्यूंच्या गाड्या सुटल्या तिथे १९९८ मध्ये स्मारक झाले. तिथे पुतळा नाही, भाषण नाही. फलाटाच्या कडेने लोखंडी पट्ट्या बसवल्या आहेत. प्रत्येकीवर एका गाडीची नोंद आहे, तारीख, किती माणसे, कुठून कुठे. रेल्वेच्या वेळापत्रकाच्या भाषेतले ते स्मारक आहे आणि म्हणूनच ते पाहणाऱ्याच्या जिवाला भिडते. त्या रुळावरून आता गाडी जात नाही.

त्या पट्ट्यांवरूनच मला एक साधा नियम सुचतो. ज्याला आपल्या छोट्या रुळांवर लष्करी गाडी चालवायची आहे त्याने तिच्याशेजारी एक पोस्टकार्डाएवढा कागद ठेवावा आणि त्यावर तीन ओळी लिहाव्यात. ही गाडी कधीची? कुठून कुठे चालली? आणि कशासाठी? ज्याला या तीन ओळी लिहिता येतात त्याची गाडी हुबेहूब. ज्याला येत नाहीत त्याचा रंग कितीही अचूक असो, ते खेळणेच. टायगरच्या गाडीपाशी '१९४३, उन्हाळा, कुर्स्कच्या लढाईकडे' असे लिहिले की पाहणाऱ्याला पुढचे विचारता येते. कुर्स्कला काय झाले? रशियाची भूमी ती, जर्मन तिथे कशाला गेले होते? त्यांच्यामागे त्या मुलखात काय चालले होते? फुलांच्या कुंड्यांनी झाकलेला इतिहास एका कागदाने उघडा होतो. आणि ज्याला ही तिसरी ओळ लिहिताना हात थरथरतो त्याने ती गाडी पळवावी की कपाटात ठेवावी, हे त्याचे त्यालाच उमगेल.

या नियमाचा आणखी एक फायदा आहे. 'कुठून कुठे' म्हटले की परतीची गाडीही आठवते. छंदिष्टांच्या टेबलांवर रणगाडे नेहमी आघाडीकडे निघालेले असतात. परत येणारे फार थोडे. खऱ्या रेल्वेत मात्र गेलेली प्रत्येक वाघीण कधी तरी परतते, रिकामी, किंवा जळक्या लोखंडाने भरलेली. तिच्यामागून पांढऱ्या वर्तुळात लाल क्रॉस रंगवलेली इस्पितळगाडी येते. ती मांडायला अवघड नाही, जुने प्रवासी डबेच तर असतात. पण ती क्वचितच मांडली जाते.

परतीच्या गाडीला आनंदाचेही एक उदाहरण आहे. जर्मनीचे एकीकरण झाल्यावर पूर्व जर्मनीतल्या सोव्हिएत, पुढे रशियन झालेल्या, सैन्याने माघारी जायचे ठरले. तीन लाखांहून अधिक सैनिक, त्यांची बायकामुले आणि चार हजारांवर रणगाडे. रेल्वेने आणि समुद्रमार्गे हे अवाढव्य बिऱ्हाड हलत होते. ऱ्यूगेन बेटावरच्या मुक्रान बंदरात १९८६ पासून रशियन रुंद रुळांची सोय होती, तिथून वाघिणी जहाजात चढत. ३१ ऑगस्ट १९९४ रोजी हे काम संपले. चाळीस-पन्नास वर्षे ज्या युद्धाची तयारी दोन्ही बाजूंनी चालली होती ते न होताच रणगाडे बांधून घरी गेले. मला कोणी विचारले की छोट्या रुळांवर मांडावी अशी सर्वांत सुंदर लष्करी गाडी कोणती, तर मी ही सांगेन. तेच रणगाडे, त्याच पाचरी, तेच साखळदंड. फक्त इंजिन दुसऱ्या टोकाला जोडलेले.

आपल्याकडे हा छंद महागडा आहे, सामान बाहेरून येते आणि एका इंजिनाच्या किमतीत मध्यमवर्गीय घराचा महिन्याचा किराणा निघतो, हे खरे. पण त्यासाठी अडून बसण्याचे कारण नाही. बुटाच्या खोक्याचा पुठ्ठा, काटेकोर पट्टी, गोंद आणि शिवणाचा काळा दोरा एवढ्यावर एक वाघीण आणि एक रणगाडा होतो. खऱ्या मापाला ८७ ने भागायचे, हे सहावी-सातवीच्या मुलाचे गणित. लेपर्डची रुंदी ४३ मिलिमीटर येते, चौकटीची ३६. पुठ्ठ्याचा एक ३६ मिलिमीटरचा दरवाजा कापून रणगाडा त्यातून जातो का, ते मुलालाच पाहू द्यावे. अडकला की पुढचे सगळे धडे आपोआप सुरू होतात. आपल्या ब्रॉडगेजच्या रुळांत १६७६ मिलिमीटर अंतर, युरोपात १४३५, रशियात १५२०. या तीन आकड्यांवरून भूगोलाचा आणि इतिहासाचा एक रविवार सहज जातो. दोऱ्याचे साखळदंड मात्र त्याच्याकडूनच बांधून घ्यावेत. चार कोपऱ्यांना चार गाठी मारताना बोटे दुखतात आणि ते दुखणेही त्या धड्याचाच भाग आहे.

आपल्या मुलांच्या भोवती आज युद्ध फार स्वस्त झाले आहे. मोबाइलवरच्या खेळात रणगाडा एका बोटाने पळतो, फुटला की तीन सेकंदांत नवा मिळतो. बातम्यांतही तो खेळासारखाच दिसतो, वरून टिपलेला, बिनआवाजाचा. अशा वेळी रणगाडा जड असतो, तो आपल्या पायांनी फार लांब जाऊ शकत नाही, त्याला न्यायला कोणाला तरी हुकूम द्यावा लागतो, कोणाला तरी इंजिन चालवावे लागते आणि त्या डब्यात बसलेल्या पोरांना कोणी तरी घरी वाट पाहणारे असते, हे हाताला कळणे मोलाचे आहे. पुठ्ठ्याची का होईना, ती गाडी मुलाने जरूर करावी. फक्त टेबलावर रूळ मांडताना एक फाटा परतीच्या गाडीसाठी राखून ठेवायला त्याला सांगावे.